राखणेचा नारळ

अठ्ठ्याऐंशी साली चंदीगडच्या सुखना तळ्याचं पाणी मे महिन्यातच काठ सोडून आत सरकलं. मागे उरला तो राखाडी गाळ. वरून भेगाळलेला, पण पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत ओढून घेणारा. शिवालिकच्या डोंगरांतून चो येतात, म्हणजे पावसाळ्यापुरते ओढे. ते दरसाल ही माती आणून तळ्यात टाकत आणि तळं वर्षागणिक उथळ होत चाललं होतं. म्हणून सकाळी साडेपाचला काठावर माणसं जमायची. बँकेतले कारकून, कॉलेजच्या मुली, पेन्शनर, एक दाताचा डॉक्टर. कुणी हुकूम केला होता असं नाही. कस्सीने, म्हणजे इकडच्या फावड्याने, गाळ ओढायचा, तसल्यात, म्हणजे लोखंडी घमेल्यात, भरायचा आणि हातोहात वर पाठवायचा. ऊन चढलं की पाय धुऊन ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं.

सुनेत्रा या रांगेत आली ती नवऱ्यामागून. श्यामकांत तीस सेक्टरातल्या प्रयोगशाळेत होता. तिथल्या फळ्यावर श्रमदानाची चिठ्ठी लागली आणि हा नाव देऊन आला. सुनेत्रा घरी थांबायला तयार नव्हती. तो एकटा बाहेर पडला की परत येईपर्यंत तिचे कान जिन्याकडे लागायचे. त्यापेक्षा तीन वर्षांच्या उल्काला कडेवर घेऊन आपणही गेलेलं बरं, असा तिने हिशोब केला.

पहिले तीन दिवस तिचे तळवे सोलवटून निघाले. चौथ्या दिवशी तिने ओढणी काढली, पिळून तिची चुंबळ केली, भरलेलं तसलं डोक्यावर घेतलं आणि हात मोकळे सोडून चढ चढून गेली.

"ओए होय! मद्रासी भैणजी तो पक्की मजदूर निकली!" कुणीतरी ओरडलं. रांग हसली.

"मद्रासी नहीं, महाराष्ट्र," श्यामकांत म्हणाला. तो ओशाळला होता. मग हळूच तिच्याकडे वळून, "अगं, हातात घे ना. सगळे बघतायत."

"बघू देत. मान दुखत नाही अशाने."

देवगडकडच्या एका खाडीकाठच्या गावात ती वाढली होती. वडिलांची खाजणातली जमीन होती. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध असायचा आणि घरटी एक माणूस त्या बांधाला देणं असे. पुढे ती बी.एस्सी. झाली, लग्न झालं, इथे आली. पण डोक्यावरचं ओझं मान विसरली नव्हती.

इथे आल्यापासून मात्र मानेला दुसरंच काम लागलं होतं. बसमध्ये चढली की आधी वाकून सीटखाली बघायचं. तीन वर्षांपूर्वी रेडिओच्या डब्यातून बॉम्ब फुटले तेव्हापासून जागोजागी पाट्या लागल्या होत्या: बेवारशी वस्तूला हात लावू नका. उल्काला 'अ आ इ' यायच्या आधी हे वाक्य पाठ झालं होतं. रस्त्यात पडलेली काडेपेटी दिसली तरी पोरगी हात पाठीमागे घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मम्मा, लावारिस."

आणि काठावर एक खाकी पिशवी होती. ती हरदितसिंगांची.

हरदितसिंग सत्तरीला आलेले. रोडवेजमध्ये मिस्त्री होते, आता निवृत्त. पांढरी दाढी, फिकट निळी पगडी, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या शेवटी जात. पिशवी जिथे जातील तिथे सोबत; कधी दोन पावलांपलीकडे ठेवायचे नाहीत. तिच्यात काहीतरी लोखंडी वाजायचं. सुनेत्राचं एक तसलं भरलं की एक नजर त्या पिशवीकडे जायची.

एके दिवशी ते दमून बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी काठावरचं गवत उपटलं, वळलं आणि मुठीएवढी चुंबळ करून उल्काच्या डोक्यावर ठेवली. "ले पुत्तर, तू भी मजदूर." उल्का खुदकन हसली. सुनेत्रा धावतच आली, पोरीला उचललं आणि ती चुंबळ काढून टाकून दिली.

"गवतात किडे असतात," ती हिंदीत म्हणाली.

"हां बेटी, होते हैं," हरदितसिंग म्हणाले. ते उठले, कस्सी घेतली आणि कामाला लागले. गवताची ती चुंबळ गाळात पडली होती. सुनेत्राने तिच्यावर पाय पडू न देता वळसा घातला. असं का केलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

गाळ उपसणं चालू होतंच, पण खरी पैज दुसरीच होती. एक चो तळ्याला मिळतो, त्या मुखाशी बांध घालायचा. माती अलीकडे अडली पाहिजे, नाहीतर या सगळ्यांनी उपसलेला गाळ एका पावसात परत. जून उजाडायच्या आत बांध बसायला हवा होता. आणि बांध बसत नव्हता. दोनदा आंधी आली, डोंगरात तासभर पाऊस झाला आणि चोच्या पाण्याने दोन्ही वेळा मधोमध खांड पाडली.

दुसऱ्या खेपेला सगळे कमरेवर हात ठेवून ती खांड बघत उभे होते. बत्राजी या श्रमदानाचे म्होरके. शाळामास्तर होते, गळ्यात अजून शिट्टी असायची. ते म्हणाले, "मिट्टी और डालनी पड़ेगी. और क्या."

सुनेत्राच्या तोंडून हिंदीत निघून गेलं, "माती वाढवून उपयोग नाही. ती तुडवायला हवी. एक थर माती, एक थर गवत, आणि पायांनी तुडवून चिकट करायची. वर खुंट मारायचे. आमच्याकडे खाडीला असंच करतात."

बत्राजी हसले. "भैणजी, ये समंदर नहीं है."

दोघेतिघे हसले. तिचे कान तापले. श्यामकांतने बुटाच्या टोकाने माती उकरायला घेतली.

"पाणी तो पाणी है, मास्टरजी," मागून आवाज आला. हरदितसिंग. "लड़की ठीक कह रही है. हमारे गाँव में भी पराली डालते थे." मग त्यांनी तळ्याकडे हात केला, साधारण मधल्या पाण्याकडे. "वो जहाँ बत्तख बैठी है ना, उधर खेत था हमारा. शहर बना, तालाब बना, गाँव उठ गया. मैं जानता हूँ ये मिट्टी. दबाए बिना नहीं बैठती."

बदक उडालं तरी सगळे तिकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून तुडवणी सुरू झाली. पायजमे, सलवारी, पँटी गुडघ्यावर गेल्या. कॉलेजच्या मुली एकमेकींचे खांदे धरून गोल फिरत तुडवायच्या आणि बोलियाँ, म्हणजे पंजाबी लोकगीतं, म्हणायच्या. बँकेतला एक जाडजूड कारकून दर दहा मिनिटांनी रुतायचा आणि चौघांनी त्याला उपटून काढायचं. सुनेत्रा थरावर टाच दाबून बघायची. ठसा उमटला तर "अजून". हरदितसिंग तिच्या पलीकडच्या टोकाला खुंट ठोकायचे. पिशवीतून तार आणि पक्कड निघायची, खुंटाला खुंट बांधला जायचा. मग तार आणि पक्कड परत पिशवीत. लोखंडी वाजतं ते काय, हे तिला कळलं. तरी उल्काला तिने आपल्याच टोकाला ठेवलं.

अकरा दिवसांत दोन्ही बाजूंनी बांध पुढे आला. मधे राहिली चार हातांची खांड. ती रविवारी बुजवायची ठरली.

शनिवारी संध्याकाळी सुनेत्राने फडताळाच्या वरच्या कप्प्यातून नारळ काढला. दिवाळीत गावाहून आणलेल्यांतला हा शेवटचा. आईने दिलेला, शेंडीसकट. गावी खांड बुजवायची तर तिच्या तोंडाशी नारळ ठेवल्याशिवाय कुणी मातीचं ढेकूळ टाकत नसे. राखणेचा नारळ. लाल कपड्यात गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा, गाऱ्हाणं घालायचं. वडील मोठ्याने म्हणायचे आणि सगळा गाव हुंकार भरायचा. इथे कुणाला सांगायला जावं तर पुन्हा 'समंदर नहीं है' ऐकावं लागणार. तिने ठरवलं, गुपचूप ठेवून द्यायचा. माती पडली की कुणाला दिसतोय!

रविवारी ते पाचलाच पोहोचले. श्यामकांत स्कूटर लावायला वर थांबला. काठावर कुणी नव्हतं; दूर पाण्याशी हरदितसिंग तेवढे चूळ भरत होते, त्यांची पाठ होती. सुनेत्रा उल्काला घेऊन खांडीत उतरली. लाल कपड्यातला नारळ तिने खालच्या थराच्या कडेला बसवला, हाताने थोडी माती लोटली, हात जोडले. गाऱ्हाणं मनातच म्हटलं, अर्धंमुर्धं. उल्कानेही हात जोडले.

"मम्मा, बप्पा है?"

"हो. चल आता, पाय धुऊ."

एकेक करत माणसं जमली. ती वरच्या पायऱ्यांवर उल्काचे पाय पुसत होती तेव्हा शिट्टी वाजली. नेहमीची नव्हे. लांब, फाटकी, एका दमाची.

"भागो! पीछे हटो! सब पीछे!" बत्राजी बांधावरून धावत येत होते. एक चप्पल मागेच राहिली होती. तसली खणाखण पडली. कॉलेजच्या मुली किंचाळत चढ चढल्या. सुनेत्राने काही विचारलंच नाही. उल्काला छातीशी घट्ट धरलं आणि पळत सुटली. पार रस्त्यापर्यंत, झाडाच्या बुंध्याआड. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. श्यामकांत धापा टाकत आला, त्याने दोघींना चाचपून पाहिलं.

पोलीस वीस मिनिटांत आले. दोर बांधला गेला, वाळूची पोती उतरली. बॉम्बवाल्यांची गाडी दुसरीकडे गेली होती, यायला दोन तास लागणार होते. ऊन चढू लागलं. गर्दीत बोलणी सुरू झाली.

"देखा मैंने. गोल है, इतना बड़ा."

"लाल कपड़े में बँधा हुआ. ऊपर से धागा लपेटा है."

"और बत्ती भी है जी. बालों जैसी. बाहर निकली हुई."

सुनेत्राने उल्काच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता थांबवला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, तो नारळ आहे."

"काय?"

"मी ठेवलाय. राखणेचा. शेंडी आहे ती."

श्यामकांत तिच्याकडे बघतच राहिला. "दिवसातून दहा वेळा मला सीटखाली वाकायला लावतेस, आणि तू... लाल कपड्यात... चंदीगडात..." मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गप्प बस. ऐक माझं. सरकारी नोकरी आहे. आत्ता सांगितलंस तर नाव, पत्ता, चौकशी, सगळं आलं. ते येतील, उघडतील, नारळ निघेल. हसतील आणि जातील. आपल्याला काय!"

पटण्यासारखं होतं. तिने मान हलवलीही.

तेवढ्यात दोराजवळ गडबड झाली. इन्स्पेक्टरने विचारलं होतं, सकाळी सगळ्यांत आधी कोण आलं? आणि कुणीतरी, वाईट मनाने नव्हे, खरं तेच सांगितलं होतं.

हरदितसिंगांना जीपच्या बॉनेटपाशी उभं केलं होतं. एका शिपायाने खाकी पिशवी उपडी केली. दोन पोळ्या फडक्यात, लोणच्याची बाटली, पक्कड, तारेचं वेटोळं. तार पाहून इन्स्पेक्टरची मान वर झाली.

"ये किसलिए?"

"खूँटे बाँधने को जी."

"खूँटे. और सुबह पाँच बजे अकेले क्या कर रहे थे?"

"काम."

"किसी को देखा वहाँ?"

हरदितसिंगांनी एकदा वर, झाडांच्या दिशेने पाहिलं. सुनेत्राच्या नजरेला त्यांची नजर भिडली, क्षणभरच.

"नहीं जी. कोई नहीं था," ते म्हणाले.

"हाथ ऊपर." शिपाई त्यांचे खिसे चाचपू लागला. म्हाताऱ्याने हात वर केले. सवयीच्या माणसासारखे, न सांगता पायही फाकवले. दाढीला सकाळचा चिखल लागला होता. हात वर असल्यामुळे पुसता येत नव्हता. बत्राजी "अजी, ये तो हमारे रोज़ के..." म्हणत पुढे झाले, त्यांना मागे सारलं गेलं. एका पोळीवर शिपायाचा बूट पडला.

सुनेत्रा निघाली.

"सुनेत्रा!" श्यामकांतने तिचा दंड धरला. मग सोडला. दोन पावलं मागून तोही आला.

दोराशी पोहोचेपर्यंत तिला घाम फुटला होता. "सर, वो मैंने रखा है. वो नारियल है."

इन्स्पेक्टरने आधी तिच्याकडे, मग कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. "नारियल? बाँध में?"

तिने सांगितलं. खाडी, खांड, राखण. हिंदीत ते सगळं खुळचट वाटत होतं, तिला स्वतःलाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. इन्स्पेक्टर हसला नाही.

"मैडम, मेरे दो आदमी अभी मार्च में गए हैं. एक टिफिन के डिब्बे से. आपको पता है आपने क्या किया?"

"जी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मुझे पता होना चाहिए था."

"कैसे मानूँ कि वही है जो आपने रखा?"

"मैं उठाके लाती हूँ."

इन्स्पेक्टरने दुर्बिणीतून पुन्हा एकदा खांडीकडे पाहिलं. मग उल्काकडे वाकून म्हणाला, "बेटा, वहाँ क्या रखा मम्मा ने?"

उल्काने हात पाठीमागे घेतले. "लावारिस नहीं है," ती म्हणाली. "बप्पा है." आणि हात पुढे आणून जोडून दाखवले.

इन्स्पेक्टरने श्वास सोडला. "बच्ची को इधर छोड़ो. अकेली जाओ. कपड़ा मत खोलना."

श्यामकांतने हात पुढे केले होते. पण तो दोन पावलं मागे होता आणि हरदितसिंग समोर, हात आत्ताच खाली घेतलेले. सुनेत्राने काही ठरवलं नाही. ती सरळ पुढे झाली आणि पोर त्यांच्या हातात दिली.

"बाबाजी, ज़रा पकड़िए."

उतार उतरताना तिला आपल्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, चिखलातला पचपच. अकरा दिवस तुडवलेला बांध तिच्या दोन्ही अंगांना होता. माती हटवून तिने नारळ उचलला. आपणच दिलेली गाठ, आपलाच दोरा. तरी एकदा मनात आलंच: कुणी बदलला तर नसेल? या शहराने तिला दिलेला हा विचार होता. तो घेऊनच ती चढ चढली.

इन्स्पेक्टरने कपडा सोडला. शेंडी बाहेर आली. त्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं.

"पाणी है," तो शिपायांना म्हणाला आणि मग त्यालाच हसू आवरेना. सगळा काठ हसायला लागला. भीती ओसरल्यावर माणसं जशी हसतात तसे. डोळे पुसत, एकमेकांना टेकत. बँकेतला कारकून तर मटकन खालीच बसला.

सुनेत्राला हसू येत नव्हतं. ती वळली. हरदितसिंग पायरीवर बसले होते आणि उल्का त्यांच्यापुढे उभी होती. डोक्यावर गवताची नवी चुंबळ, तिच्यावर चिखलाचा एक गोळा, दोन्ही हात मोकळे सोडून. मान ताठ. आईसारखी.

"आपने देखा था मुझे," सुनेत्रा म्हणाली. "सुबह."

"हां."

"तो बोले क्यों नहीं?"

त्यांनी तुडवलेली पोळी उचलून झटकली, बदकांसाठी बाजूला ठेवली. "हाथ जोड़ रही थी तू. मैंने सोचा, इसका कुछ अपना है." मग जरा थांबून, "तेरा नाम लेता तो तुझे जीप में बिठाते, बच्ची समेत. मुझे तो रोज़ कोई न कोई रोक लेता है. मेरा क्या, मैं बता के घर आ जाता."

घरी आला असतात का, हे तिने विचारलं नाही. त्यांनाही ते ठाऊक नसावं. ती तशीच वाकली आणि त्यांच्या चिखलाच्या पायांना हात लावला. गावी बांधावर म्हाताऱ्यांच्या पाया पडत तसा.

"ओए, ओए, छड," ते गडबडून म्हणाले. "नारियल का क्या करना है अब? पूछ अपने थानेदार से."

इन्स्पेक्टर जीपमध्ये बसत होता. "जिसका है, उसको दो," तो म्हणाला. "पर अब सबके सामने रखना, मैडम." आणि जीप सुरू न करता तसाच बसून राहिला. त्यालाही बघायचं असावं.

ऊन चांगलंच चढलं होतं, तरी घरी कुणी गेलं नाही. खांडीच्या दोन्ही बाजूंना माणसं भरलेली तसली घेऊन उभी राहिली. नारळ हरदितसिंगांनी ठेवला. सुनेत्रानेच तसं सांगितलं.

"अब?" बत्राजींनी विचारलं. ते अनवाणी होते आणि आता शिट्टी खिशात होती. "कुछ बोलते होंगे आप लोग?"

"बोलतात. पण ते पुरुष..." हिंदीत सांगता सांगता ती थांबली. "मी बोलीन तेव्हा तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं, 'होय म्हाराजा'. बस एवढंच."

दोनदा म्हणून घेतलं. श्यामकांत खाली मान घालून उभा होता. आता त्याने मान वर केली. सुनेत्राने डोळे मिटले. वडिलांचा आवाज आठवला, तो तिच्या घशात मावत नव्हता, तरी तिने तो लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पन्नास-साठ पंजाबी गळ्यांतून आलं. झाडावरचे पोपट उडाले.

"आज ह्या परमुलखात, ह्या चोच्या तोंडार, तुझी लेकरां उभी रवली हत!"

"होय म्हाराजा!"

"तेंची माती वाहान जाव देव नको! काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल!"

"होय म्हाराजा!" यात जीपजवळचे दोन शिपाईही होते.

"आणि ज्येनी आमका सांबाळल्यान," तिचा आवाज इथे चिरकला. ती थांबली, पुन्हा लावला. "ज्येनी आमका सांबाळल्यान, तेचा बरा कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शब्द कुणाला कळले नव्हते. पण हरदितसिंग खांडीत, नारळाशेजारी गुडघाभर चिखलात उभे होते, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर त्यांनी एकट्याने, जरा उशिरा, हळूच म्हटलं, "होय म्हाराजा." मग दाढीवरचा वाळलेला चिखल पुसला आणि वर हात केला.

"लाओ भई, मिट्टी लाओ."

पहिलं तसलं उल्काचं होतं. तिने डोक्यावरचा गोळा दोन्ही हातांनी काढला आणि लाल कपड्यावर टाकला.